ओव्हरलॉकचे दोरे

धाकट्या जाऊबाई, म्हणजे आता मालकीणबाई,

चहा थर्मासमध्ये आहे. नोंदणी ऑफिसचा साहेब दहाला आपली शिवणाची खोली बघायला येईल. खुर्ची पुसलीय, चिंध्या उचलल्यात.

परक्या देशात धंदा काढायचा तर इथली भाषा येणारं माणूस पुढे हवं, हे मलाही पटलं होतं. म्हणून नोंदणीत तुझं एकटीचं नाव लागलं तरी मी गप्प बसले. पण काल ऑफिसातल्या बाईने मी कोण म्हणून विचारलं, तेव्हा तू 'मदतीला असते' म्हणालीस. तेवढी भाषा मला कळते गं. घरी आल्यावर ह्यांनीही तुझंच कौतुक लावलं, धाकटी काय फाडफाड बोलते म्हणे. गिऱ्हाइकं मी जोडली, मान मोडून मी शिवलं आणि आयत्या बिळावर नागोबा कोण, तर तू.

साहेब मालकिणीला मशीन चालवून दाखवायला सांगतो, असं कोपऱ्यावरचा शिंपी म्हणत होता. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनचे चारही दोरे मी सकाळी काढून ठेवलेत. शिवणाऱ्या बाईला ते ओवायला कितीसा वेळ लागतो?

नाहीच जमलं तर मी गच्चीवर कपडे वाळत घालतेय. हाक मार. पण साहेबाच्या देखत मार आणि मी या दुकानाची कोण, ते आधी त्याच्याच भाषेत सांग. मी जिन्यात उभी राहून ऐकेन, मगच खाली येईन.

थोरली