तापवलेली दांडी

राळेगाव
९ मार्च २००६

प्रिय रामसिंग,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. दोन वर्षांत तुला साधा निरोपही धाडला नाही. दारुड्या ड्रायव्हरशी संबंध नको म्हणून जमीर तोंड फिरवून बसला, असंच तू समजला असशील. तोंड फिरवलं होतं खरं, पण लाजेनं.

नानाजींची जीप आठवते ना? त्या साली कापसाच्या भावानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. नानाजींनी ट्रॅक्टर विकला आणि वेचणाऱ्या बायकांना काळ्या मातीतून न रुतता नेता यावं म्हणून ती भंगारातली जीप माझ्याकडून उंच करून घेतली. स्प्रिंगच्या पाट्यांना ठोकळे, मोठाले टायर. तू दुसऱ्याच दिवशी ती परत आणलीस. डावीकडे पुरं वळवलं आणि चाक खड्ड्यात गेलं की खालून कट्ट वाजतं, म्हणालास. मी खाली शिरलो. दोन्ही चाकांना जोडणारी स्टीअरिंगची दांडी पाट्याला घासत होती, मध्ये बोटभरही जागा नव्हती. तुझा कान माझ्या पान्यापेक्षा शहाणा, असं मी तेव्हा चेष्टेनं म्हणालो होतो.

खरा इलाज मला ठाऊक होता. दांडीची टोकं ज्यांना जोडतात ते चाकांकडचे आर्म बदलून दांडी खालून काढायची आणि वरून बसवायची. चार दिवसांचं काम. पण वेचणी तोंडावर आलेली, नानाजी रोज खेटे घालत होते, आणि मला नको तो शहाणपणा सुचला. तू चहाला गेलास तेवढ्यात मी दांडी गॅसवर लाल केली, मधोमध वाकवली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. घासणं थांबलं, आवाज गेला. खूण दिसू नये म्हणून काळा रंगही मारला. स्टीअरिंगच्या लोखंडाला आग दाखवायची नाही, आणि दाखवलीच तर वर पाणी मुळीच ओतायचं नाही, ते काचेसारखं तडकतं, हे आमच्या धंद्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात. वीस वर्षं मीच ते लोकांना सांगत आलोय.

तेराव्या दिवशी जीप नाल्यात गेली. ओढून काढायला मलाच बोलावलं. दांडी नेमकी माझ्या वाकणावर तुटली होती. तुटलेलं तोंड अर्धं गंजलेलं, अर्धं चकचकीत. म्हणजे तडा आधीचाच होता, आपटण्याच्या कितीतरी आधीचा. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, मला एका नजरेत कळलं. आणि पंचनाम्यात मी सांगितलं की गाडीत दोष नव्हता, दांडी आपटून तुटली. गाडीतल्या सुखीबाईचा खुबा मोडला होता, ती आजही काठी टेकत वेचायला जाते. लोकांना दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि तू पूर्वी पीत होतास एवढं त्यांना पुरलं. तू शपथा घेत होतास, आणि मी तिथंच उभा राहून हाताचं तेल पुसत होतो.

परवा तुझी घरवाली मोतीबाई एसटी स्टँडवर दिसली. मी चुकवायला पाहत होतो, तिनंच हाक मारली. तू राजूरला कोळसा भरतोस, स्टीअरिंगला पुन्हा हात लावला नाहीस, असं सांगितलं. मग तुझा निरोप दिला. “ते म्हणते, माह्याच डोळ्यावर झापड आली असंन. जमीरभाईनं एवढ्या मेहनतीनं गाडी बनवली, मी नाल्यात घातली. त्यायले म्हना, मले माफ करा.” मी नुसती मान हलवली. माफ केल्यासारखी. घरी आलो, आणि आज हा कागद घेऊन बसलो.

तर ऐक. तुला झापड आली नव्हती. तू जागा होतास, शुद्धीत होतास. गाडी मी नाल्यात घातली. येत्या सोमवारी ठाण्यात जाऊन मी हेच लिहून देणार आहे. पण मी किती डरपोक आहे ते या दोन वर्षांत मला पुरतं कळलंय. दारापर्यंत जाऊन परत फिरणार नाही, असा माझा मलाच भरवसा नाही. म्हणून हा कबुलीजबाब आधी तुझ्या हाती देतोय. सोमवारी मी गेलो नाही असं कळलं, तर माझी कीव करू नकोस. हे पत्र घेऊन तू जा. नाव पूर्ण लिहितोय, ते त्यासाठीच.

तुझाच,
शेख जमीर अब्दुल गनी
जीप मेकॅनिक, राळेगाव