रविवारचे बाबा

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तू, भाऊजी, मुलं, सगळे बरे असाल. इकडेही ठीक. थंडी पडू लागली आहे. पाण्याचा पंप बिघडला होता, तो दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरची शिक्षिका बदली होऊन गेली. आता जिन्यात माझ्या एकटीच्याच चपला वाजतात.

तुझी चिठ्ठी महिन्यापूर्वीच मिळाली. एकच ओळ होती : बाबांसाठी केलेली खोली अजून रिकामी आहे. उत्तराला उशीर झाला. खरं सांगायचं तर उत्तर देणारच नव्हते.

मागच्या बुधवारी इस्पितळात आमच्या विभागात एक प्रशिक्षण होतं. विषय, रुग्णाचा चिवटपणा. बाहेरून एक बाई आल्या होत्या. आघातानंतर काही माणसं पुन्हा उभी राहतात आणि काही नाही, असं का होतं, यावर त्या बोलल्या. नंतर प्रत्येकाला एकेक उदाहरण सांगायला लावलं. मी बाबांचं सांगितलं. सत्तर वर्षांचा शिंपी, अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तरी एकटा राहतो, स्वतःचा चहा स्वतः करतो, शर्टाची बटणं स्वतः लावतो. टाळ्या पडल्या. एकीनं डोळे पुसले. माझी छाती जरा फुगलीच.

प्रशिक्षण लवकर आटोपलं. म्हटलं, बाबांना सांगून येऊ. तेही खूश होतील.

मी फक्त रविवारी जाते, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी दार उघडायला बराच वेळ लागला. बाबा बनियनवर होते. साडेतीन वाजले होते. बैठकीतल्या खुर्चीवर उशी आणि पांघरूण होतं. आतला पलंग आवरलेला, चादरीवर एक सुरकुती नाही. त्यावर कुणी झोपत नव्हतं. पलंगावरून उठता येत नाही, म्हणून ते खुर्चीतच झोपतात. कधीपासून, ते सांगत नाहीत. स्वयंपाकघरात गॅसची टाकी बंद होती. ओट्यावर पाण्याचा पेला, आणि त्यात बुडवून खाल्लेल्या पावाचे तुकडे.

कपाट उघडलं. नऊ शर्ट. सगळ्यांची बटणं लावलेली, फक्त गळ्याचं एक सोडून. डोक्यातून घालायला. आठवतं, कुणी शर्ट असा घातला की ते काय म्हणायचे? 'पोत्यात शिरतोयस की काय?' आयुष्यभर लोकांची काजं करणारा माणूस, ताई.

मी विचारलं, "बाबा, रविवारी चहा कोण करतं?"

"शेजारीण. थर्मासात भरून देते. तू येण्याआधी मी कपांत ओततो."

"आणि शर्ट?"

"शनिवारी दुपारी सुरू करतो." ते हसले. "एवढा वेळ तर मी लग्नाच्या सुटालाही लावला नव्हता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रविवारी येतेस. रविवारी मी बरा असतो."

मी खुर्चीच्या हातावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता मार्चमधलं लिहिते. तुझ्याही मनात तेच असणार. आमच्या विभागात सरावाचं एक स्वयंपाकघर आहे. तिथे मी बाबांची चाचणी घेतली आणि तू दारात उभी होतीस. ते बटणाशी झगडत होते. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. आमच्या कामाचा तो पहिला धडा : रुग्ण धडपडत असताना आपला हात पुढे जाऊ द्यायचा नाही. तू म्हणालीस, "पोलीस आहेस का तू? बाप आहे तो तुझा." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू त्यांना प्रेमानं पांगळं करशील." तू गाडीत जाऊन बसलीस. आठ महिने झाले.

तू गेल्यावर काय झालं, ते तुला माहीत नाही. बाहीचं बटण लागेना. बाबा घामाघूम झाले होते. ते मी लावलं. आमच्या तक्त्यात कामाला सात गुण असतात. थेरपिस्टचं बोट जरी लागलं तरी तीन जातात. मी सात दिले. उभं राहणं, सात. चहा, सात. घरभेटीचा एक रकाना असतो. घरी जाऊन पलंगाची उंची, ओटा, न्हाणीघर बघायचं, मगच एकटं राहू शकतात की नाही ते लिहायचं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी तो रकाना मोकळा सोडला नसता. तिथे मी लिहिलं, 'घर परिचित'. नातेवाइकाची चाचणी घ्यायची नसते, म्हणून सही शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची घेतली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून केली.

माझ्या कामाचा मान राखायला मी हे केलं असं तुला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

बुधवारी मी बाबांना म्हटलं, "ताईची खोली तयार आहे. तुम्ही मार्चमध्येच का नाही म्हणालात, जातो म्हणून?"

त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला. म्हणाले, "मी गेलो असतो तर तू रविवारी कुठं गेली असतीस?"

ताई, सोमवार ते शनिवार माझ्याशी बोलणारी माणसं आजारी असतात म्हणून बोलतात. बरी झाली की जातात, तेच माझं काम. संध्याकाळी मी रेडिओ लावते, तो ऐकायला नाही. मार्चमध्ये सात लिहिताना मला हे माहीत होतं. तक्त्यावर मी बाबांचं नाही, माझंच लिहीत होते. आणि ते ओळखून ते आठ महिने शनिवारपासून शर्ट घालत राहिले. याला चिवटपणा म्हणून मी टाळ्या घेतल्या.

गेल्या रविवारी त्या मैत्रिणीला सगळं सांगून घरी नेलं. तिनं नव्यानं चाचणी घेतली. मी गच्चीत थांबले. कपडे, तीन. पलंगावरून उठणं, दोन. चहा, एक. शेरा : एकट्यानं राहू नये. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. रागावली असती तर बरं झालं असतं. मी विभागप्रमुखांना लेखी दिलं आहे. काय व्हायचं ते होईल.

बाबा तयार आहेत. त्यांची एक अट आहे : कात्री आणि टेप बरोबर घेणार. दे जागा. पलंग उंच हवा, विटा लाव. बाकी कागद वेगळा जोडला आहे. त्यात काय करून द्यायचं आणि काय त्यांनाच करू द्यायचं, ते लिहिलं आहे. ते तुझ्यासाठी सोपं नसेल. रागावून का होईना, वाच.

शनिवारी सकाळी दहाला बाबांकडे ये. मला आधी फोन करू नकोस, नाहीतर मी काहीतरी कारण काढेन. सामान भरून ठेवलं आहे. मी तिथे नसेन. दार बाबा उघडतील, त्यांना तेवढं करायचं आहे. वेळ लागेल. बेल दुसऱ्यांदा वाजवू नकोस.

रविवारचं माझं मी बघेन.

तुझी धाकटी,
मार्चमध्ये चुकलेली