गंगू येण्याआधी न्हाणीचं छप्पर

भाद्रपद शु. ६, सोमवार

गणपती काल बोळवला. आज सकाळी न्हाणीच्या छपरावर चढलो आणि उतरलो तो एक वासा हातात घेऊनच. वासा म्हणायचा नुसता. आत सगळी वाळवी, बोट लावलं की पीठ. सौ. खालून म्हणाली, "हळू जरा, घर आपलं आहे. सरकारी तबेला नव्हे."

आपलं आहे, तेच तर. सारी उमर पागेत घोडी सांभाळली, सरकारी खोल्यांत राहिलो. पेन्शन झाल्यावर डोंगराच्या पायथ्याशी हे मातीच्या भिंतीचं घर घेतलं, तर म्हैसुरातल्या साऱ्या सोयऱ्यांनी वेड्यात काढलं. गळतं, कबूल. पण माझं आहे.

भा. शु. ८

गंगूचं नक्की झालं. नववा लागतोय. जावईबापू पितृपक्ष संपला की बंगळुराहून आणून सोडणार. लेकीचं पहिलं बाळंतपण बापाच्या घरी, ही रीत. पण मेव्हणे तुळजोजीराव म्हणतात, आमच्याकडे करा. देवराज मोहल्ल्यात त्यांचं माडीचं घर, सुईण दोन घरं पलीकडे, डॉक्टर हाकेवर. "दाजी, तुमच्या त्या रानात पोरीला कशाला नेता?"

सौ.ला विचारलं, तुझं काय मत. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाळंतिणीला रोज हंडाभर कढत पाणी लागतं. न्हाणी गळायची थांबू दे, वाळलेलं सरपण घरात येऊ दे, मग मी भावाला नाही म्हणते. तोवर माझ्या तोंडून काही वदवू नका."

सरि, बरं तर. पंधरा-वीस दिवस हातात आहेत. पलटणी याहून कमी वेळात हलतात.

भा. शु. ९

शेजारी निंगेगौडा यांच्याकडून गाडीभर लाकूड घेतलं, चिंच आणि सुरू. पागेत गवताच्या गंज्या लावायचो तशी ओळ धरून भिंतीला लावली. फार देखणी दिसली. गौडा आले, बघितली, म्हणाले, "स्वामी, छान. आता भिंतीतली वाळवी कुठं जाईल?" पुन्हा सगळी उचलली, दगडांवर रचली. कंबर धरली आहे. सौ. तेल चोळताना हसत होती, मला समजलं.

भा. शु. ११

काल शेपू पेरला. इथले लोक सबसिगे म्हणतात. बाळंतिणीला त्याहून चांगली भाजी नाही, दूध येतं. वाफे सरळ, दोरी धरून. रात्री पाऊस. सकाळी बघतो तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात. आता तिथं शेपूचं रान होणार आणि बाकी वाफे टक्कल. करायला गेलो गणपती, झाला मारुती. कोपऱ्याला हात लावत नाही, उगवेल ते उगवेल.

भा. शु. १२

न्हाणीवरची सगळी कौलं उतरवली. मोडकी वेगळी, धड वेगळी. किडके वासे पाडले. आता वर नुसतं आभाळ. हंड्याशी उभा राहून अंघोळ केली, डोंगरावरचं देऊळ दिसत होतं. अशी अंघोळ मेव्हण्यांच्या माडीतही नाही. नवे वासे उद्या.

भा. शु. १३

वासे आले. आणि गंगूही आली.

दुपारी दारात टांगा. जावईबापू उतरले, मागून ती, दोन्ही हात कमरेला. तिच्या सासूबाईंनी म्हणे ठरवलं, पितृपक्षात पाठवायचं नाही आणि नंतर दिवस फार भरतील, तेव्हा आजच निघा. मी अंगावर चुना, डोक्यावर फडकं. गंगू वाकून नमस्कार करायला निघाली, मी म्हटलं राहू दे, राहू दे. किती गोल झाली आहे. आत जाऊन तोंड धुतलं.

जावईबापू संध्याकाळच्या गाडीनं परत.

भा. शु. १४

हातोडा घेतला नाही तोच सौ. आडवी आली. पोटुशी बाई घरात आहे, आता घराला खिळा मारायचा नाही. खड्डा खणायचा नाही, चौकट हलवायची नाही, हिरवं झाड तोडायचं नाही.

मी म्हटलं, अगं, हे सगळे नेम तिच्या नवऱ्याला. जावईबापूंनी बंगळुरात खिळा मारू नये, माझा काय संबंध?

"पोरगी कुणाची? घर कुणाचं?"

मग म्हटलं, खिळा नको तर काथ्यानं बांधतो. त्यावर तर ती उठूनच उभी राहिली. "गाठ? गाठ मारणार? बाळंतीण अडली म्हणजे?"

गंगू आतून खिदळत होती. मी वासे भिंतीला टेकवून ठेवले.

भा. व. २

न्हाणीवर घोड्यांच्या जुन्या झुली टाकल्या. खिळा नाही, गाठ नाही, कडेला नुसते दगड. सौ.नं फिरफिरून पाहिलं, चालेल म्हणाली.

भा. व. ३

चाललं नाही. रात्रभर झुलीत पाणी साठलं. सकाळी खाली उभा राहून काठीनं वर ढोसलं आणि सगळं पाणी माझ्या डोक्यावर. गौडा कुंपणापलीकडून शांतपणे म्हणाले, "स्नान आयता, स्वामी?" म्हटलं झालं, साबण तेवढा द्या.

गंगूला हसता हसता पोटात कळ आली. सौ. मला रागावली.

भा. व. ६

मेलेलं लाकूड फोडायला दोष नाही, एवढी सूट मिळाली. पण गंगूच्या समोर नको. मी परसात फोडतो, ती खिडकीशी बसते. पाठ करून बसते, म्हणजे समोर नाही. चिंचेचा एक ओंडका आहे, त्यात गाठीच गाठी. कुऱ्हाड अडकते, मी ओंडक्यासकट उचलतो. कुऱ्हाड बोथट आहे म्हटलं, तर पाठमोरी म्हणते, "नाचता येईना अंगण वाकडं."

मग जरा वेळानं म्हणाली, "बाबा, मामाकडे बाळंतपण झालं तर तुम्हाला वाईट वाटेल?"

मी म्हटलं, तुला कुठं बरं वाटेल ते सांग.

"मामीकडे सगळं आहे हो. पण तिथं मोठ्यानं हसता येत नाही."

ओंडका तसाच सोडला. दम लागला होता म्हणून. आणि खोटं कशाला लिहू, आनंदानंही.

भा. व. १०

आज वडिलांचं श्राद्ध. ओल्या सरपणानं घरभर धूर. भटजींचे डोळे लाल, सौ.चे लाल. जेवण उत्तम. संध्याकाळी सौ. म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत असा धूर झाला तर पोराचे डोळे जातील. चुलीच्या वर माळा आहे तिथं थोडं थोडं लाकूड चढवतो आता, उबेनं वाळेल. शिडीवरून वीस फेऱ्या. गुडघे बोलतात.

आश्विन शु. २

नवरात्र. गौडाबाईंनी गंगूसाठी लिंबाचं लोणचं आणलं. ती आणि गंगू कानडीत तासभर बोलत बसल्या. बाळंतपण इथंच का, असं गौडाबाईंनी विचारलं. गंगू म्हणाली, "नम्म मने इदे अल्वा." आमचं घर आहे ना, असं. सौ. ऐकत होती. भावाला अजून होही म्हणालेली नाही.

माळ्यावरचं लाकूड वाजवून पाहिलं. टण् असा आवाज. वाळतंय.

आ. शु. १०

दसरा. पहिल्यांदाच महाराजांच्या स्वारीत मी नाही. गंगूला गर्दीत नेता येईना, म्हणून आम्ही तिघंही घरी. लांबून तोफा ऐकू आल्या. गंगू म्हणाली, बाबा, तुमचा घोडा आता कुणाकडे? सांगितलं. संध्याकाळी तिघांनी अंगणात बसून सोनं वाटलं. वाईट वाटलं नाही, याचंच नवल.

शेपू कोपऱ्यात गुडघ्याएवढा. पहिली जुडी खुडली.

आ. शु. १२

मेव्हणे आले. शर्टाला इस्त्री, हातात मिठाई. न्हाणीत गेले, झुलींच्या फटींतून वर बघत राहिले. "दाजी, नक्षत्रं बघायची चांगली सोय केलीत." मग मुद्द्यावर आले. पौर्णिमेला गंगूचं डोहाळजेवण मामाच्या घरी. सकाळी या, संध्याकाळी जा.

संध्याकाळी जा म्हणे. मी तुळजोजीरावांना ओळखतो. एकदा का ती माडी चढली की पावसाचं निमित्त, सुईणीचं निमित्त, खाचखळग्यांचं निमित्त. मी नको म्हणणार होतो.

ते गेल्यावर सौ. पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे तिला. पोटुशी बाई घरात नसली तर खिळा मारायला दोष नाही. तुमच्या हातात अख्खा दिवस."

एक महिना मी झुली बदलतोय आणि हिच्या डोक्यात हे होतं.

"आणि तिला त्यांनी ठेवून घेतली तर?"

"तर तुमचं छप्पर तरी होईल."

आ. शु. १४

उद्याची तयारी. वासे कापून ठेवले. रिपा मोजून ठेवल्या. कौलं पुसून भिंतीशी. गौडा आणि त्यांचे दोन गडी येतो म्हणालेत. न्हाणीतलं चुलवण लिंपायला माती भिजत घातली. गंगू म्हणाली, लढाईला निघाल्यासारखं करताय. ऐकून घेतलं.

आ. पौर्णिमा, शुक्रवार

झालं. झालं, झालं.

उजाडताच सौ. आणि गंगू गौडांच्या गाडीतून गेल्या. गाडी वळणाआड गेली नाही तोच मी वर. आढं, वासे, रिपा. अंगठा दोनदा. दुपारपर्यंत लाकूडकाम, मग कौलं. एक गडी खालून फेकायचा, मी झेलायचो. तीन हुकली. चुलवण लिंपलं, हंडा बसवला. वरून चार घागरी पाणी ओतलं आणि आत धावलो. एक थेंब नाही. पुन्हा ओतलं. नाही. गौडांना आत ओढून आणलं, ते वर बघून म्हणाले, "भेष." त्यांच्याकडून भेष म्हणजे फार झालं.

माळ्यावरच्या लाकडानं जाळ केला. धूर नाही. हंडाभर पाणी तापवून एकटाच अंघोळीला बसलो. वर नवी कौलं. मला गाता येत नाही, पण गायलो.

गाडी संध्याकाळी रिकामी परत. गाडीवानाबरोबर निरोप, उशीर झाला, आज राहतात.

मला ठाऊकच होतं. जेवलो नाही.

आ. व. १

आजही नाही. पाऊस नाही, काही नाही. अंगण झाडलं, गंगूची खोली सारवली. शेपूची जुडी खुडून ठेवली ती सुकली. गौडाबाई म्हणाल्या, माणूस पाठवून विचारा. मी विचारणार नाही. विचारलं तर मेव्हणे जिंकतील.

काय वेडेपणा आहे हा, माझा मलाच राग येतो.

आ. व. २, रविवार

देवराज मोहल्ला, मेव्हण्यांच्या ओट्यावर बसून लिहितोय.

सकाळी त्यांचा गडी धावत आला. गंगूला पहाटेपासून कळा. वाट बघू नका, तिथंच होईल बहुतेक. मग माळ्यावर चढलो आणि एकेक लाकूड खाली टाकायला लागलो. गौडांनी विचारलं, हे काय? म्हटलं, गाडी जोडा. माझ्या घरात नाही तर नाही, पण माझ्या नातवंडाचं पहिलं पाणी माझ्या लाकडावर तापेल. तुळजोजीराव वखारीचं ओलं जळण आणतात. पोरीच्या डोळ्यांत धूर गेलेला मला चालणार नाही. सगळं भरलं. तो गाठीचा ओंडकासुद्धा.

वाटेत एकच विचार, पोरगी सुखरूप सुटू दे. कुठंही सुटू दे. छप्पर गेलं खड्ड्यात.

इथं पोचलो तर घर शांत. सुईण दारात पान खात बसलेली. म्हणाली, खोट्या कळा होत्या, विरल्या. आज नाही. चार दिवसांनी होईल, पंधरा दिवसांनीही होईल, ज्याचं त्याला माहीत.

मेव्हणे म्हणाले, "पाहिलंत दाजी? वेळ सांगून येत नाही. आता ती इथून हलणार नाही." त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा. तेही घाबरले होते. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

तेवढ्यात आतून गंगूचा आवाज. "बाबा, छप्पर झालं?"

म्हटलं झालं.

"गळतं?"

म्हटलं, आठ घागरी ओतल्या, नाही गळत.

"मग मला घरी न्या."

मामी म्हणाली, अय्यो, वेडी का काय. मेव्हणे माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. सुईणीला विचारलं, गाडीतून नेता येईल का? ती म्हणाली, सावकाश नेली तर आज नेता येईल, उद्याचं मला विचारू नका. आणि तिकडं यायचं झालं तर मला आणायला माणूस ठेवा. मेव्हणे म्हणाले, आणि रात्री माणूस पोचला नाही तर? त्यांचं म्हणणं खोटं नाही.

मग सौ. बाहेर आली. गाडीजवळ गेली, एक लाकूड उचललं, दुसऱ्यावर वाजवून पाहिलं. पदराला हात पुसले.

"चुलवण वाळलं का?"

वाळलं, म्हटलं.

"बघते," म्हणाली आणि आत गेली. दार लोटून घेतलं. आत तिघींचं बोलणं चाललं आहे, शब्द कळत नाहीत. गंगू मध्येच हसली, एवढं ऐकू आलं.

गौडा विचारतात, "सौदे इळिसला, स्वामी?" लाकडं उतरवू का?

म्हटलं थांबा. बैलांना पाणी दाखवा, पण जू काढू नका.