दिवा रोज लागत होता

बाबा, आज तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगावं ते सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, म्हणाला, "आई, अंगात कणकण आहे, जरा पडतो." तेव्हापासून त्याचा आवाज नाही. मेसेजला उत्तर नाही. मी हैदराबादेत नल्लकुंट्याच्या या घरात बसून आहे आणि इथून कुठल्याच बाजूला समुद्र नाही.

सून तेलुगू घरातली, मनाने चांगली. तिच्या मोबाइलवर नकाशात त्याचं जहाज दिसतं, निळ्यावर एक ठिपका. काल तो कुठल्याशा बेटाला वळसा घालून पुढे गेला. "ये देखो अत्तम्मा, शिप चल रा ना. टेन्शन नक्को लेव." मी हो म्हणते, पण मला तुमचं बेट दिसायला लागतं, मी लहान होते तेव्हाचं.

पावसाळा लागला की बेटावर जाणारी तर बंद. खडकांवर लाटा फुटतात, तिकडे होडी घालायची कोणाची छाती होत नाही. तुम्ही आणि तुमचा मदतनीस पलीकडे दीपगृहावर, आम्ही अलीकडे. दिवस कलला की आई मला घेऊन धक्क्यावर येते. दीपगृहाचा दिवा फिरू लागतो. "आहेत गं," आई म्हणते, आणि मगच घरी जाऊन देवापाशी दिवा लावते. शेजारणी चिडवतात, "तुझा नवरा बरा, एवढ्या लांबून रोज डोळा मारतो." आई पदरात तोंड लपवून हसते.

त्या वर्षीही दिवा रोज लागला. एक संध्याकाळ चुकली नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी गेली, आईने तिच्याबरोबर तुमच्यासाठी नारळीभात पाठवला. होडीतून मदतनीस एकटाच उतरला आणि वाळूत बसला. डबा तसाच परत आला होता. तुम्ही आषाढातच तापाने गेला होतात. त्याने एकट्याने तुम्हाला अग्नी दिला होता आणि रोज दिवा लावला होता. आई त्याला म्हणाली, "एक दिवस विझवायचा होतास. आम्हाला कळलं असतं." तो म्हणाला, "वैनी, खडक आहेत. कुणाचं तारू आपटलं असतं." त्याचं बरोबर होतं. पण इतके दिवस आई कुंकू लावून धक्क्यावर जात होती, आणि मी तिचं बोट धरून.

माझी शाळा त्याच वर्षी सुटली. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं, मग लग्न होऊन हैदराबादला आल्यावर मिळेल त्या पुस्तकावर. नवरा गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. ते दुःख मला समजलं, त्याच्याबरोबर मी राहते आहे. तुमचं मला कुठल्याही पुस्तकातून समजलं नाही.

आज दुपारी मी सुनेला म्हटलं, "कंपनीला फोन लाव. जहाजाचं विचारू नकोस, त्याचं विचार."

"ऐसा कैसा पूछूँ अत्तम्मा? हँसते वो लोगां."

"हसू देत."

तिने फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस खरंच हसला. "मॅडम, शिप टाइम पे चल रहा है, मतलब सब ठीक है." मी सुनेच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "ऐसा नहीं होता बेटा. जहाज चलता रहता, आदमी नहीं रहता." सून माझ्याकडे बघत राहिली. तिला मी तुमचं कधी सांगितलेलं नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "नंबर दीजिए. शाम तक खबर देता हूँ."

मी माझाच नंबर दिला. आता संध्याकाळ झाली आहे. सून स्वयंपाकघरातून सारखी विचारते, "आया क्या, अत्तम्मा?" मी नाही म्हणते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. फोन माझ्या उशीखाली उपडा आहे, आणि त्याचा आवाज मीच बंद करून ठेवला आहे.