मुलं किती, या प्रश्नाचं माझं उत्तर

मी, चिमुका हाबेन्झू, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार चोमा, झांबिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. शुद्धीबद्दल चार ओळी जास्त लिहाव्या लागतील. मन कसं चालतं हेच मी जन्मभर शिकवलं आणि आता माझंच मन चालेनासं झाल्याचा बोभाटा झाला आहे.

कलम १. माझी पुस्तके आणि ॲल्युमिनियमचं मोठं ताट मुलगी लुयांडो हिला. ती माझाच विषय शिकवते. या ताटात टोमॅटो, सुकी मासळी, मीठ, शेंगदाणे, कोळसा, काड्यापेटी असं बरंच काही मांडून मी वर्गात फिरवत असे आणि मग झाकून, काय काय होतं ते विचारत असे. ओळीने पाठ करणाऱ्यांची गाडी पाच-सहा वस्तूंवर अडायची. ज्यांनी मनातल्या मनात स्वयंपाक केला, त्यांना सगळं आठवायचं. मनाची हाताशी असलेली जागा थोडी, म्हणून ते नवी गोष्ट जुन्या, ओळखीच्या खणात टाकतं, हे मग वेगळं सांगावं लागत नसे. माझ्याइतकं चांगलं हे कोणी शिकवलं नाही. मृत्युपत्रात तरी खोटी नम्रता नको.

कलम २. चिब्वांटू, म्हणजे आमचं मक्याचं आंबट पेय, आंबवायचा मोठा, सुकवून पोखरलेला भोपळा शेजारीण बियाट्रिस हिला. तो गेली कित्येक वर्षं तिच्याच घरी आहे. आता तिने लपवू नये.

कलम ३. चोमाचं राहतं घर मूनो आणि लुयांडो या माझ्या दोन्ही मुलींना समान. मूनो आणि म्वेम्बा ही माझी बहीण मुतिंटा हिच्या पोटची. ती गेल्यावर दोघं याच घरात वाढली. म्वेम्बाला घर विकून मोकळं व्हायचं होतं. मी नाही म्हटल्यावर माझी बुद्धी फिरल्याचा दाखला काढायला तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आई, तुम्हाला मुलं किती?"

"तीन."

त्यांनी फाइल चाळली. "इथे तर एकच बाळंतपण दिसतंय."

"बाळंतपण एकच. मुलं तीन."

"बघितलंत ना?" म्वेम्बा म्हणाला. "हिची मुलगी एकच, लुयांडो. मी तर भाचा."

डॉक्टरांनी माझ्या उत्तरावर फुली मारली. ते परगावचे; त्यांच्या मनात 'मुलं' या खणात पोटची तेवढीच बसतात. त्यांना मी दोष देत नाही. पण आम्ही टोंगा लोक आईच्या बहिणीला आईच म्हणतो. एका बाईने आपल्या बहिणीच्या मुलाला भाचा म्हणावं असा शब्दच आमच्या बोलीत नाही. म्वेम्बाला तो इंग्रजीतून उसना आणावा लागला. तापात ज्याच्या उशाशी मी बसले, त्याच्या तोंडून तो ऐकताना मला फार लागलं.

कलम ४. माझी सगळी गुरं, वासरांसह, मुलगा म्वेम्बा याला. अट एकच. गोठ्यातून गुरं सोडून नेण्याआधी त्याने दोन्ही साक्षीदारांसमोर, आपल्या बोलीत, "चिमुका माझी आई होती" असं म्हणावं. तो ते म्हणाला, तर माझं तीन हे उत्तर बरोबर, माझी शुद्ध शाबूत आणि कलम ३ वर त्याला बोट ठेवता येणार नाही. भाचाच राहायचं असेल, तर गुरं मूनोची, आणि परक्या बाईच्या घरावर त्याने डोळा ठेवण्याचं कारण उरत नाही.

तो म्हणेल. मी त्याला लहानपणापासून ओळखते, आणि गुरांपायी म्हणाला तरी मला चालेल. मात्र म्हणताना त्याचा आवाज कापला, तर साक्षीदारांनी खाली बघावं. माझं पोर आहे, त्याला चारचौघांत रडायला आवडत नाही.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली आहे.

सही: चिमुका हाबेन्झू
साक्षीदार: १. नचिमुन्या सियाबाला, शिक्षक. २. बियाट्रिस मुलेया, शेजारीण (भोपळ्याचं कलम वाचून, हसून सही केली).
चोमा, १४ जून २०१९