निशा अधिक चर

२७ मार्च, गुरुवार

आज मराठी पत्रसृष्टीचा एक आधारस्तंभ ढासळला! मानवतच्या बाजार समितीतल्या माकडांची बातमी मी पाठवली होती. मथळा — 'मर्कटलीलांनी व्यापारी त्रस्त'. डेस्कवरच्या कुणा महाभागाने छापले — 'माकडांचा त्रास'. मर्कट गेले, लीला गेली, उरला नुसता त्रास. बावीस वर्षे या दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे; दर आठवड्याला एखादा शब्द असा धारातीर्थी पडतो.

महेश्वरीला सांगितले. बायको म्हणून सांत्वन करेल असे वाटले. म्हणाली, "माकडं बी माकडंच म्हणत असतील स्वतःला."

संध्याकाळी संपादकांचा फोन. शिवकुमार — माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. "शास्त्रीबुवा, आठ एप्रिलला रोमा दिवस आहे. युरोपातले भटके. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडनंच गेलेत म्हणे. त्यांना तिकडं काय कायदे आहेत, त्यावर रविवारच्या पुरवणीला लिहा. अन् माणसाला कळंल असं लिहा!"

शेवटचे वाक्य मुद्दाम.

२८ मार्च

दिवसभर वाचतो आहे. काय सापडले! हे लोक पाण्याला पानी म्हणतात. कानाला कान. नाकाला नाख. विस्तवाला याग — म्हणजे आपला अग्नीच की! आणि माणसाला — मनुष!

हजार वर्षे दारोदार हाकलले गेले. घर सुटले, देश सुटला. मनुष सुटला नाही. मठातल्या पाठशाळेतले आमचे गुरुजी असते तर आज पेढे वाटले असते.

३० मार्च, पाडवा

सगुणाबाई आली. रेल्वे फाटकापलीकडच्या पारधी वस्तीवरची. दर पाडव्याला कडुलिंबाचे डहाळे आणून देते, ओट्यावर टेकते, चहा घेते, कप विसळून पालथा घालते, जाते. आज कप हातातच राहिला. सोबत नात होती, राजेश्री. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या.

पोरीने निवासी शाळेची पाचवीची प्रवेश परीक्षा दिली होती. यादीत चौथी आली! पण मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले, वसतिगृहातल्या इतर पालकांची हरकत आहे म्हणाले. टेबलावर एका जुन्या बातमीचे कात्रण ठेवले. आठ वर्षांपूर्वी पोरीचा बाप बन्सी घरफोडीत पकडला गेला होता, ती बातमी. मग एका कागदावर सगुणाबाईचा अंगठा घेतला — 'स्वखुशीने प्रवेश सोडत आहे'.

"बन्सी सुटला की, आप्पा. कोरटानं निर्दोष सोडला. तीन वर्सं तारखा केल्या. सुटल्यालं कुनी छापलं न्हाई." मग जरा पुढे सरकून म्हणाली, "तुमी पेपरवाले. ह्ये कुनी लिवलं तेवढं सांगा. भांडायचं न्हाई मला. लिवणाऱ्यानं कागद दिला, की मानूस सुटला, आमचं चुकलं — तर घेतो म्हनलाय मास्तर पोरीला. अकरा तारखेपस्तोर."

मी म्हणालो, अशा बातमीवर नाव नसते. नुसते '(वार्ताहर)' एवढेच असते.

"त्येला नावच न्हाई?"

राजेश्रीने वही काढली. कात्रण तिला दिले नव्हते. टेबलावर होते तेवढ्यात दोनदा वाचले, घरी जाऊन आठवून लिहिले म्हणे. मोत्यासारखे अक्षर. मथळा — 'पारधी वस्तीवरील निशाचर टोळी जेरबंद'.

"सर, निशाचर म्हणजे काय?"

माझ्यातला मास्तर जागा झाला! निशा म्हणजे रात्र. चर म्हणजे हिंडणारा. निशायां चरति इति निशाचरः — उपपद तत्पुरुष. दोनदा म्हणून दाखवले. तिने वहीच्या समासात अर्थ लिहून घेतला.

मग म्हणाली, "पण माझे पप्पा रात्री झोपतात."

त्या गेल्यावरही काही वेळ मी त्या शब्दाचेच कौतुक करत बसलो होतो. कोण बरे हा वार्ताहर? डेस्कच्या कात्रीतून असला शब्द सुखरूप बाहेर काढला!

३१ मार्च

जिल्ह्यात संस्कृत शिकलेला वार्ताहर मी एकटाच आहे.

२ एप्रिल

लेख लिहितो आहे. युरोपीय संघाने २००० साली निर्देश काढला — वंशावरून भेदभाव नको. नोकरीत नको, शाळेत नको, घर देताना नको. २००७ साली स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाचा निकाल. चेक देशातली अठरा रोमा मुले. चाचणी घेऊन त्यांना मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घातले होते. सरकार म्हणाले, नियम सर्वांना सारखाच आहे, शिवाय पालकांच्या सह्या आहेत. न्यायालय म्हणाले, नियम सारखा दिसला म्हणून झाले नाही, परिणाम कुणावर होतो ते पाहा. आणि त्या सह्या धरता येणार नाहीत. आपण कशावर सही करतो आहोत हे ज्याला नीट कळू दिलेले नाही, त्याची ती संमती कसली?

सगुणाबाईचा अंगठाच की हा!

सायकल काढली, वस्तीवर गेलो. सांगायचे होते एक, सांगून आलो दुसरे. स्ट्रासबर्गचा निकाल ऐकवला. चार बाया जमल्या. सगुणाबाईने सगळे शांतपणे ऐकले.

"त्येंच्यात बी पोलीस पालं उचकटत्यात का?"

हो म्हणालो.

"मंग कायदा झाल्यावर पोरं चांगल्या साळंत गेली?"

"काही गेली."

"काही म्हंजी किती, आप्पा?"

आकडा मला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "असू द्या. तुमी त्या वार्ताहराचं बघा."

४ एप्रिल

परभणीला कार्यालयात गेलो. जुनी फाइल काढली. १४ नोव्हेंबर २०१७, पान पाच. मानवत, (वार्ताहर). राजेश्रीने एक काना चुकवला नव्हता. छापणाऱ्याने एका ठिकाणी चुकवला होता, तो तिने दुरुस्त केला होता. अकरा ओळींत 'संशयित' हा शब्द कुठेच नाही.

शिवकुमारला सांगितले — शाळेला पत्र देतो, माझ्या नावाने. तो खुर्चीतून उठलाच. "आठ वर्षांनी? शास्त्रीबुवा, उद्या प्रत्येक सुटलेला माणूस दारात उभा राहील. नाव घालून पत्र दिलंत तर मानवतचं काम मला दुसऱ्याकडं द्यावं लागंल बघा." मग खांद्यावर हात. "तुम्ही रोमावर झकास लिहा. तिथं किती बी कडक लिहा!"

५ एप्रिल

पत्र लिहिले. चार ओळी. एकही समास नाही. सही केली. सदऱ्याच्या खिशात ठेवले.

६ एप्रिल, रविवार

लेख आला. पहिल्यांदाच एकही शब्द कापलेला नाही! सकाळपासून फोन. पाथरीच्या एका वकिलांचाही आला — "युरोपाला चांगलं खडसावलंत!"

पत्र खिशात.

८ एप्रिल

महेश्वरीने धुण्याला सदरा घेतला, खिसा चाचपला, पत्र काढून वाचले. मग —

"हे द्यायचंय का धुवायचंय?"

दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवले. काम गेले तर काय, हा हिशेब चालू होता. अकरा तारखेला अजून वेळ आहे, असेही म्हणत होतो.

११ एप्रिल

शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी पत्र वाचले, चष्मा काढला. "म्हणजे ते तुम्हीच का, सर? वा. तुमचा रोमावरचा लेख आम्ही फळ्यावर लावलाय." चहा मागवला. मग म्हणाले, "पण जागा बुधवारीच भरली हो. प्रतीक्षा यादीतले पालक रोज येऊन बसायचे. पैसे भरून मोकळे झाले. पुढच्या वर्षी नक्की बघू."

"तुम्ही अकरा तारीख दिली होती."

"दिली होती. पण आधी येईल त्याला प्रवेश, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?"

अंगठ्याचा कागद मागितला, तर म्हणाले, फाइलला लागला. बालहक्क आयोगाकडे तक्रार करीन म्हणालो. "जरूर करा," म्हणाले. शांतपणे.

पाच तारखेला दिले असते तर. सात तारखेला दिले असते तर.

१२ एप्रिल

वस्तीवर जाऊन सांगितले. सगळे. वार्ताहर मी. पत्र माझे. उशीर माझा.

सगुणाबाई पाहत राहिली. "तुमी व्हय?" एवढेच. बन्सी पलीकडे खाटेवर बसला होता, तो उठून आत गेला. राजेश्रीने पत्र मागितले, वाचले, म्हणाली, "हे वहीत उतरवून घेऊ?" त्या बातमीच्या खालीच उतरवून घ्यायला बसली.

मी निघालो तेव्हा सगुणाबाई आतून तांब्या घेऊन आली. "ऊन लय हाय. पानी प्या."

प्यालो. तक्रारीचा अर्ज उद्या करतो म्हणालो. मान हलवली तिने. मग तांब्या परत घेताना म्हणाली, "आमच्या सुलाबाईच्या पोराचं बी पेपरात आलतं, आप्पा. त्येबी तुमीच लिवलं का?"

"बघावं लागेल," म्हणालो.

१३ एप्रिल

अर्ज लिहून झाला. बन्सीच्या बातमीतला तो शब्द माझाच. पण ती बातमी लिहिल्याचे मला काही केल्या आठवत नाही. सुलाबाईच्या मुलाची लिहिली की नाही, तेही नाही. बावीस वर्षांत अशा किती लिहिल्या — एकही आठवत नाही. काम सुटेल याची नाही, मला काळजी याची आहे.