मधली

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! सामान उतरवणाऱ्यांनी आईचं शिवणाचं टेबल दारात अडकवलं. ते तिरकं करून आत घेईपर्यंत बाबा अंगणातल्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि कुणीही ऐकत नव्हतं. म्हणजे घर बदललं तरी सगळं जागच्या जागी आहे.

घर मात्र खरंच छान आहे. धाकटीनं निवडलंय म्हणजे नुसता देखावा असणार, असं मी धरून चालले होते. पण तळमजला, एकही पायरी नाही, खिडक्या मोठ्या. न्हाणीघरात धरायला दांड्यासुद्धा आधीपासून बसवलेल्या. पूर्वी इथे एक म्हातारं जोडपंच राहायचं म्हणे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची गल्ली दिसते आणि गल्लीपलीकडे धाकटीची गच्ची. हाक मारली तर ऐकू जाईल. त्याचसाठी तर हा सगळा खटाटोप.

मी महिन्याची रजा घेतलीये. चष्म्याच्या दुकानाचे मालक कुरकुरले, पण मी गेल्या कित्येक वर्षांत रजा मागितलीच नव्हती, त्यामुळे त्यांना बोलायला तोंड नव्हतं. दोघांचं बस्तान बसवायचं आणि परत जायचं. इतकी वर्षं ती दोघं माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर होती. आता खाली कुणी अनोळखी येईल. त्याचा विचार आज नको.

संध्याकाळी धाकटी नवऱ्याला घेऊन आली, जेवणाचे डबे घेऊन. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्यामुळे झालं गं हे सगळं. मी तेव्हा जमिनीवर आडवी होऊन फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठा सारत होते. राबायचं एकानं आणि नाव दुसऱ्याचं. चालायचंच.

५ नोव्हेंबर

खोकी जवळजवळ रिकामी झाली. घसरतील असे गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले. बाबांच्या पलंगाशी दिवा, आईच्या हाताशी घंटी. गोळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत सकाळ, दुपार, रात्र लिहिलं. बाबांनी ते चष्म्याशिवाय वाचून दाखवलं आणि लहान मुलासारखे खूश झाले.

दुपारी मी गॅसच्या कामासाठी बाहेर गेले होते. परत आले तर आई अशी काही निवांत पडली होती! म्हणाली, पाय काय सुरेख चेपून दिले, सगळा ठणका गेला. मी समजले, धाकटी येऊन गेली असणार. आता खरं लिहायचं तर मला ते झोंबलं. वर्षानुवर्षं मी पाय चेपले, तेव्हा ‘पुरे गं बाई, टोचतात तुझी बोटं.’ धाकटी एकदा आली, तर सुरेख!

भांडी जरा जोरातच घासली.

९ नोव्हेंबर

परवा बाबांची नखं कापलेली होती. काल त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलेलं होतं, इतक्या बारीक टाक्यांनी की शोधावं लागलं. दोन्ही वेळा मी बाहेर होते. शेवटी आज धाकटीला म्हटलंच, येतेस तर मला सांगून येत जा, मी काय चोर आहे का तुझ्या आईबापाला पळवायला? ती भडकली. म्हणाली, ताई, मी आठवडाभर दुपारची ऑफिस सोडून कुठंही गेलेली नाही, तुला भांडायलाच हवं असेल तर तसं सांग.

मग आईला विचारलं. ती म्हणाली, “धाकटी कुठली? मधली आली होती.”

मी हसले. आम्ही दोघीच बहिणी. मी मोठी, ती धाकटी. मधे कुणी नाही, कधीच नव्हतं. बाबांकडे पाहिलं, तर ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, “मधलीच्या हाताला गुण आहे हो.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, या वयात घर बदललं की माणूस गोंधळतं, होईल ठीक. असेल. पण दोघांचा गोंधळ एकच कसा?

१३ नोव्हेंबर

दोघांची तब्येत सुधारतेय. बाबांचा हात थरथरायचा थांबला. आईनं माझ्या हातचं अर्धं ताट परत पाठवलं, कारण पोट भरलंय, मधलीनं भरवलं. काय भरवलं? ते मात्र सांगत नाही, नुसती गालात हसते. घरातलं काहीही कमी झालेलं नाही, एक घाससुद्धा नाही.

आज दुपारी बाहेर गेलेच नाही. दाराला आतून कडी घातली आणि बाहेरच्या खोलीत ठाण मांडलं. बघतेच कोण येतं. दोघं आत झोपली होती. मग आतून आईचं हसणं ऐकू आलं. पोट धरून, दम लागेपर्यंत. तसं ती मी शाळेत असताना हसायची.

आत गेले. दोन पलंग, दोन पलंगांच्या मधे वेताची खुर्ची. ती आमची नाही, या घरातच होती. खुर्चीवरच्या उशीला बसल्याचा खड्डा पडला होता. हात लावला. गरम.

मी घाबरले. पण खरं सांगायचं तर घाबरायच्या आधी दुसरंच मनात आलं. आई माझ्याबरोबर अशी का हसत नाही?

१६ नोव्हेंबर

समोरच्या काकू झाडांना पाणी घालत होत्या. त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, आधीची माणसं कशी होती. म्हणाल्या, चांगली होती, तीन मुली होत्या. मोठी आणि धाकटी लग्न करून लांब गेल्या. मधली राहिली. आईबापांचं सगळं तिनंच केलं, अगदी फुलासारखं जपलं. मी म्हटलं, भाग्यवान म्हणायचे. काकूंनी नळी खाली ठेवली.

“भाग्य कसलं? शेवटी शेवटी त्या दोन पोरी भेटायला आल्या तर म्हातारा-म्हातारी ओळख देईनात. परक्यासारखं बोलायची. पोरी रडत परत जायच्या, आणि ही दारात उभी राहून हसायची. तिला ते आवडायचं.”

आईबाप एकाच हिवाळ्यात गेले. मग ती दिसेनाशी झाली. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा ती त्या दोन रिकाम्या पलंगांच्या मधे बसलेली होती. केव्हाची गेलेली, कोण जाणे.

घरी येऊन मी ती वेताची खुर्ची मागच्या गल्लीत नेऊन मोडली, पाय देऊन. रात्री दोघंही माझ्या हातचं जेवली नाहीत. आई म्हणाली, उगाच कुणाच्या वस्तूंना हात लावू नये.

१९ नोव्हेंबर

चहा घेऊन गेले. आई माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी हसली. पदर सावरला. म्हणाली, “अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा ना. मधली येईलच एवढ्यात.”

तुम्ही. मला. माझी आई.

मी म्हटलं, आई, मी मोठी. ती म्हणाली, हो का, बरं बरं. आपण अनोळखी माणसाचं मन राखायला म्हणतो ना, तसं.

धाकटीला सांगायला हवं. हाकेवर तर आहे. पण सांगितलं की ती दोघांना स्वतःच्या घरी नेणार, आणि जन्मभर ऐकवणार की ताईला जमलं नाही. शिवाय आज ती आली तेव्हा आई तिला नीट ‘तू’ म्हणाली. तिला अजून ‘तू’ म्हणते.

नाही सांगणार.

२१ नोव्हेंबर

टॅक्सी बोलावली होती. धाकटीकडे नाही, थेट माझ्या घरी न्यायचं ठरवलं. दोघं निमूट निघाली. मला नवल वाटलं. मागच्या सीटवर बसली, एक या दाराशी, एक त्या दाराशी. मधे जागा सोडून.

मी म्हटलं, सरकून नीट बसा. बाबा म्हणाले, बसलोय की दाटीवाटीनं.

मी पुढे बसले. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि म्हणाला, मागच्या मधल्या ताईंना पट्टा लावायला सांगा.

मी उतरले. सगळ्यांना उतरवलं. काय करणार होते? माझ्याच घरी नेऊ तिला?

२२ नोव्हेंबर

आता सोफ्यावरही तशीच बसतात. मधे जागा. दोघांचे हात त्या जागेत, उताणे, कुणीतरी धरल्यासारखे.

मी समोर, स्टुलावर. बोलले तर ऐकत नाहीत. मी खोलीत आहे हे — विसरतात. बाबांनी दिवा घालवला, मी वाचत असताना.

किती सुखात दिसतात. मला सहन होत नाही. भीती नाही ही. भीती असती तर मी पळाले असते —

२३ नोव्हेंबर

मी बसले. त्या जागेत. ती असो नसो, म्हटलं, जागा माझी आहे. आधी माझी होती.

पाण्यात उतरल्यासारखं गार. मग गार नाही. मग काहीच नाही.

आईनं हात धरला. “आलीस गं? किती वाट बघायला लावतेस.”

तू म्हणाली. तू!

बाबांनी खांद्यावर डोकं टेकलं. मी रडले. मग आईनं विचारलं, ती बाई गेली का?

मी म्हटलं, गेली.

दार वाजतंय, उठायला हवं, पण उठले तर जागा —

२४ नोव्हेंबर

धाकटी आली. तिच्या किल्लीनं. ताई, ताई म्हणून सगळ्या खोल्या फिरली. माझी बॅग पाहिली. चपला पाहिल्या. फोन लावला, तो टेबलावरच वाजला.

आता समोर उभी आहे. आईकडे बघते, बाबांकडे बघते. मधे बघत नाही. मी हात हलवला. ओरडले असेन — आवाज आला का, माहीत नाही —

तिला सांगायला हवं. यांना घेऊन जा, आत्ता, अशीच्या अशी —

ती गुडघ्यांवर बसली. आई, ताई कुठाय, म्हणाली. रडतेय.

आईनं पदर सावरला. “अहो, तुम्ही खाली का बसलात?”

तुम्ही. धाकटीला!

तिचा चेहरा — मला ओरडायला हवं होतं, पण मला इतकं, इतकं बरं वाटलं, की मी —